केंद्रकातलं अर्धं

मॅडमनी प्रबंधाचं चौथं प्रकरण पेनाच्या टोकानं पलीकडे ढकललं.

"जनुक अर्धवट, वाचन अर्धवट," त्या म्हणाल्या. "नांदणंही अर्धवटच होतं म्हणा."

समोर उभी असलेली विद्यार्थिनी त्यांची सख्खी भावजय होती. त्यांच्या धाकट्या भावाचं घर सोडून ती भाड्याच्या खोलीत राहायला गेली, तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे नुसते निखारे. गरगर फिरणारं सेंट्रिफ्यूज यंत्र फुटलं तरी चालेल, पण या दोघींच्या मधे उभं राहायला नको, असं प्रयोगशाळेतली पोरं म्हणत.

भावजयीनं आवाज न चढवता सांगितलं, की या हिरव्या शेवाळाच्या तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या वीजघरात, हे जनुक आहेच एवढं. पुन्हा पुन्हा वाचून पाहिलंय.

"ताई, घरचा राग शेवाळावर काढू नका."

"इथं मॅडम म्हणायचं. आणि सही होणार नाही."

सही नाही म्हणजे शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणजे खोली नाही. मग वाट एकच, परतीची. बहीणभावांचं तसं ठरलंच होतं. सही अडली की येईल झक मारत, असं भाऊ म्हणाला होता, आणि मॅडमनी मान डोलावली होती.

भावजय निघून गेली. तिचा नमुनाच खराब होता हे एकदाचं सिद्ध करावं, म्हणून मॅडम संगणकाशी बसल्या. जनुकाचा उरलेला भाग त्यांनी त्याच शेवाळाच्या अख्ख्या डीएनएत शोधायला लावला. तो कुठंच नसला म्हणजे नमुना खराब, आणि तो सापडणार नाही याची खात्रीच होती.

सापडला. पेशीच्या केंद्रकात, मुकाट बसलेला. तंतुकणिकेतलं अर्धं जिथं थांबत होतं, नेमकं तिथून पुढचं. पुढच्या गायकानं ओळ अर्ध्यावर सोडावी आणि मागच्या साथीदारानं ती सूर न ढळता उचलावी, तसं. देव जाणे कुठल्या काळी हे अर्धं आपली जागा सोडून इथं आलं होतं. पण काम थांबलं नव्हतं. त्याच्या तोंडाशी एक जादा तुकडाही होता: इथून तयार होणारं प्रथिन तंतुकणिकेत नीट पोचावं, म्हणून जोडलेला पत्ता.

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पोरीचं एक अक्षर चुकलं नव्हतं.

फोन वाजला. भाऊच.

"ताई, केलीस का सही?"

"नाही."

"शाब्बास. आता तिच्या खोलीचा पत्ता दे. संध्याकाळी आणतो फरफटत."

तो हसत होता. लहानपणी खेळणं मोडण्याआधी असाच हसायचा.

दाराच्या काचेतून पलीकडे प्रयोगशाळेत भावजय दिसत होती. शेवाळ वाढवायच्या काचेच्या बशा धूत होती, जवळजवळ एकाच हातानं. डावं मनगट पुरतं वळत नव्हतं. पाय घसरून पडली, असं भावानं सांगितलं होतं. मॅडमनी पुढे विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. पत्ता त्यांना पाठ होता.

त्यांनी दार उघडलं.

"आत ये. शुद्धलेखन तर दिव्यच आहे तुझं."

भावजय बसली. मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला, आणि ती वाचत असताना प्रकरणाच्या शेवटच्या पानावर सही ठोकली. कागद तिच्यापुढे टाकताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"खोली आजच बदल," त्या म्हणाल्या. "आणि नवा पत्ता मला सांगू नकोस."