नोंदवहीतले रस्ते

सभेला दीड तास झाला तरी दीक्षा तायडेला कोणी विरोध केला नव्हता. नगरपरिषदेत नव्या माणसानं खरं तर इथंच सावध व्हावं. पण दीक्षाची ही पहिलीच टर्म, आणि ती निवडून आली होती एकाच रस्त्यासाठी.

रस्ता म्हणजे हमरस्त्यापासून तिच्या वस्तीपर्यंतची सव्वा किलोमीटरची पांदण. काळी माती, उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. पलीकडे एक्केचाळीस घरं. त्यातल्या एकात तिच्या सासूबाई, मैनाबाई. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावतीला न्यावं लागे. नवरा सुगत अकोल्याला नोकरीत, शनिवारी यायचा. किडनी शनिवारसाठी थांबत नाही.

विषय क्रमांक नऊ होता रस्ते देखभाल शुल्काच्या उपविधीत दुरुस्ती. हे शुल्क तीन वर्षं घरटी वसूल होत होतं आणि त्यातून देखभाल झाली होती ती अध्यक्षांच्या दालनाची. दीक्षा उठली. "रस्त्याच्या नावानं घेतलेला पैसा रस्त्यावरच लागला पाहिजे. उपविधीतच तसं लिहा."

अध्यक्ष महादेवराव प्रसन्न झाले. "वा! सत्रा मेंबरांत हे कोनाले सुचलं नाई. ताई, तुमीच सूचक व्हा."

टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या त्या सभागृहात एरवी फक्त निरोप समारंभाला पडत.

तिथली पद्धत अशी, की ठरावावर सूचकाची सही आधी आणि मजकूर नंतर. कारण सभा संपेपर्यंत टाइपिंगवाला जेवायला गेलेला असतो. बडे बाबू नत्थुजींनी कागद पुढे केला आणि अगदी तळाशी बोट ठेवलं.

"याच्यावर तर काहीच नाही लिहिलं."

"लेहू न मॅडम. तुमी बोलले तेच लेहू. पस्तीस वर्सं झाले, एकाही मेंबरनं असं इचारलं नाई."

अमरावतीत राजापेठेतल्या क्लासमध्ये तिची चारची बॅच होती. तिथं ती मुलांना रोज सांगे, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेन उचलू नका. तिनं घड्याळ पाहिलं आणि सही केली.

पुढच्या महिन्यात मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायला आलं. पहिलं वाक्य तिचंच होतं. दुसरं असं: 'शुल्काचा खर्च आजमितीस नोंदवहीत असलेल्या रस्त्यांवरच करावा व नोंदवही बंद समजावी.' तिसरं असं: 'नोंदवहीबाहेरील वाटांची जबाबदारी परिषदेवर राहणार नाही, तसे फलक लावावेत.' खाली सूचक म्हणून तिची सही, वळणदार.

तिनं नोंदवही मागवली. एकशे बारा रस्ते होते. महादेवरावांच्या कापसाच्या जिनिंगच्या मागल्या फाटकाशी संपणारा एक होता. पांदण नव्हती.

"हे मी बोललेच नव्हते!"

"पयलं वाक्य तुमचंच हाय," नत्थुजी म्हणाले. "बाकी त्याचा खुलासा."

"मग पांदण नोंदवहीत घ्या."

महादेवरावांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "कशी घ्याव ताई? नोंदवही तुमच्याच ठरावानं बंद झाली."

"मी कोऱ्या कागदावर सही केली होती."

सोळा सदस्य आपापल्या पेनांकडे पाहू लागले.

"ताई," महादेवराव फार मायेनं म्हणाले, "हे आज बोलल्या, पुन्ना बोलू नका. उद्या कोनी इचारलं, आनखी कोनाकोनाचे कागद कोरे होते, त आपन सारेच जाऊ. पन तुमच्यापासून सुरुवात होईन. तुमीच सांगतलं न."

इतिवृत्त कायम करायला सोळा हात वर गेले. दीक्षानं आपला विरोध नोंदवायला सांगितला. नत्थुजींनी लगेच, तिच्यासमोर नोंदवला. पेन्सिलीनं.

जळालेला दिवा बदलायला जी नगरपरिषद दोन वर्षं घेते, तिनं फलक नऊ दिवसांत लावला. गुरुवारी डायलिसिसहून परतताना नेहमीच्या ऑटोवाल्यानं, अंकुरनं, पांदणीच्या तोंडाशी ऑटो थांबवला. मैनाबाई प्रौढ वर्गात शिकलेल्या. त्यांनी एकेक अक्षर जोडत वाचलं: 'ही वाट नगरपरिषदेची नाही. वाहन नेल्यास जबाबदारी चालकाची. सूचक: दीक्षा सुगत तायडे.'

"तुहं नाव लागलं व माय!" त्यांचा थकलेला चेहरा उजळला. "तेबी पाटीवर!"

दीक्षानं अंकुरला पुढं चलायची खूण केली.

"इथून पुढं मी नाई येत काकू," अंकुर म्हणाला. "गाडी फसली, कोनाले लागलं, त माह्यं लायसन जाते. मॅडमनंच लेहेलं हाय."

सासूला धरून दीक्षा चालू लागली. विजेच्या तिसऱ्या खांबापाशी मैनाबाई बांधावर बसल्या. दीक्षा उभीच राहिली. पुढं अजून एक किलोमीटर होता.

"सोमवारी बी पायीच जा लागन काय?"

कुदळीचा आवाज आला तसं तिनं मागं पाहिलं. फलकाजवळ एक टेम्पो येऊन उभा होता आणि दोन माणसं वाटेच्या दोन्ही कडांना खड्डे खणत होती. ती परत गेली.

"हे काय करून राहिले?"

"फाटक बसवाचं हाय. ठरावात हाय न, चौथं कलम." माणसानं खिशातून ठरावाच्या कागदाची घडी काढून दिली.

चौथं कलम होतं. सभेत तिनं वाचली तेव्हा वाक्यं तीनच होती. आणि चौथ्या कलमाखाली, तिची सही जिथं होती तिथपर्यंत, अजून बरीच जागा शिल्लक होती.

"किल्ली कोणाकडं राहील?" तिनं विचारलं.

"ते अजून लेहेलं नाई, मॅडम," तो म्हणाला आणि खणू लागला.