पडद्यावर आलेला दादा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्यांवर आईबाप, मांडीवर पोरं आणि समोरच्या भिंतीवर दाराएवढा पडदा. त्यावर आठ वेड्यावाकड्या रेघा सरकत होत्या. त्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या डोक्यातून येत होत्या, आणि तिची मावशी शेवटच्या रांगेत ओठ आवळून बसली होती.

मावशी इस्पितळात मेंदूचे असेच आलेख काढायचं काम करायची. बारा वर्षं ती लोकांची डोकी टेपने मोजून, पेन्सिलने खुणा करून, लेप लावून तारा चिकटवत आली होती. इथे ना माप, ना खूण. तारांची टोपी थेट डोक्यावर आदळलेली बघूनच तिचं डोकं फिरलं होतं.

"बाळ, अक्षरं का नाचतात तुझी?" मुलांच्या अभ्यासावर उपाय सांगणारे मेंदूमहाराज मधाळ आवाजात म्हणाले. "कारण डोक्यात तू एकटी नाहीस. डोळे मिट. दादाला बोलाव."

मुलीने डोळे मिटले. खालच्या दोन रेघा लगेच फुगल्या, एकसारख्या लाटा उठल्या.

"आला. आता उघड." लाटा विरल्या. "गेला. उजेड सोसत नाही त्याला."

तिचा दादा तीन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. पहिल्या रांगेतून आई पडद्याकडे बघत होती, शाळा सुटल्यावर फाटकातून येणाऱ्या मुलाकडे बघावं तशी.

वाचलं की दादाला त्रास होतो, असं महाराजांनी सांगितल्यापासून सहा महिने त्या घरात पुस्तक उघडलं नव्हतं. चौथीतल्या मुलीला दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. आणि रोज दुपारी आई तिला समोर बसवून म्हणायची, "डोळे मिट ना थोडा वेळ."

मावशी उठली. "महाराज, टोपी मला घाला."

"ताई, तो सगळ्यांकडे येत नाही."

"मी मावशी आहे त्याची. माझ्याकडे यायला त्याला कसला संकोच?"

लोक हसले. महाराजांना नाही म्हणता येईना. मावशीने टोपी चढवली आणि डोळे मिटले. मनात कुणालाही बोलावलं नाही. लाटा उठल्या.

आई ताडकन उभी राहिली. "तुझ्याकडेही येतो तो? मला कधी बोलली नाहीस."

बहीण चिडेल, एवढीच मावशीने तयारी ठेवली होती; ती यावरही विश्वास ठेवेल असं वाटलं नव्हतं. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या एका चष्मेवाल्याला बोलावलं.

"आमच्या मुलाला ओळखत होतात?"

"नाही बुवा. मी माझ्या मुलासाठी आलोय."

त्याने टोपी घालून डोळे मिटले आणि त्याच लाटा उठल्या. मग मावशीने टोपी महाराजांपुढे धरली. ते पाणी पिऊन येतो म्हणाले, ते परत आलेच नाहीत.

"डोळे मिटून निवांत बसलं की बहुतेकांच्या मेंदूत मागच्या बाजूला या लाटा उठतात," मावशी म्हणाली. "डोळे उघडले की मावळतात. आमच्या तपासणीत मी रोज दहा जणांना हेच सांगते, मिटा, उघडा. कुणी येत नाही, कुणी जात नाही."

"मग अक्षरं का नाचतात?" चष्मेवाल्याने विचारलं.

"अक्षराची आवाजाशी सांगड घालायला काही मुलांच्या मेंदूला जास्त वेळ लागतो. संशोधक शेकडो मुलांचे आलेख जमवून त्याचा शोध घेतायत. पण एकाच पोरीच्या आलेखावरून निदान करायला गेला तर डॉक्टरही चुकेल. या मुलांना शिकवायची वेगळी पद्धत आहे, तसं शिकवणाऱ्या बाई आहेत. आणि रोज पुस्तक लागतं."

आई कोऱ्या पडद्यासमोर उभी होती. "म्हणजे तो आलाच नव्हता?"

"मला कधीच दिसला नाही, आई," मुलगी म्हणाली. "तुला बरं वाटायचं म्हणून मी मिटायचे."

आई तिथेच जमिनीवर बसली आणि तीन वर्षांचं रडली. बऱ्याच वेळाने तिने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. "काय लिहिलंय गं ते?"

"बा... हे..." मुलगी अडखळली. आईने घाई केली नाही. "बाहेर."

अजूनही मुलीने डोळे मिटले की आई चटकन वळून बघते. ते जायला वेळ लागेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उद्या तुम्हाला कुणी पडद्यावर तुमचं माणूस दाखवलं, तर एवढंच करा. तीच टोपी आधी एखाद्या परक्याच्या डोक्यावर घालायला लावा. मग घरी जा आणि मुलाचं पुस्तक उघडा.