अन्नपूर्णाबाईंच्या डब्यातला समुद्र

मित्रांनो, माझ्यात आता कोणी घोटभर ताकही ओतणार नाही, तरी मी एक जुना पितळी तूक्कु आहे. तुम्ही कडीचा डबा म्हणता, आमच्या चेन्नईत त्यालाच तूक्कु म्हणतात. तंजावरच्या कासाराने मला घडवले आणि बुडावर मालकिणीचे नाव कोरले, अन्नपूर्णाबाई.

चाळीस वर्षे त्यांनी माझ्यातून ताक नेले, कधी देवळात, कधी शेजारच्या बाळंतिणीला. पुढे त्यांनी मला लेकीला, त्रिपुरसुंदरीला दिले. तिच्या मैलापूरच्या घरात स्टीलची भांडी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण दर दिवाळीला ती मला खाली काढून चिंचेने घासायची आणि पुन्हा वर ठेवायची.

यंदा तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, चंद्रमौळीचे, अंदमानला जायचे ठरले. पोवळ्यांची बेटे पाहायची तिला लहानपणापासून हौस, पण पाण्यात तोंड घालायचे म्हटले की जीव घाबरा होई. चंद्रमौळी रेल्वेच्या कारखान्यातला निवृत्त फिटर. रिकामे हात त्याला सोसत नाहीत. त्याने बायकोला न सांगता मला खाली काढले, माझे बूड कापले आणि तिथे जाड काच पक्की बसवली. कापलेली चकती भंगारात गेली. तिच्यावरची पुसट अक्षरे त्या भल्या माणसाने पाहिलीच नाहीत. चष्मा कपाळावर होता ना!

"हे काय केलंत?" त्रिपुरसुंदरीने विचारले.

"पाण्यात तोंड न घालता तुला मासे दिसावे म्हणून की. वर पडूनच होता."

"आईचं नाव होतं त्यावर."

ती रडली नाही, भांडली नाही. तिने अबोला धरला. विमानात इडलीचा डबासुद्धा नुसता पुढे सरकवला.

नील बेटाजवळ सुब्बा नावाच्या नावाड्याने उथळ पाण्यावर होडी थांबवली. चंद्रमौळीने मला काठावरून पाण्यात दाबून धरले. त्रिपुरसुंदरी पाठ फिरवून बसली होती. पण हौस रागाला किती वेळ दाद देणार? ती हळूच वाकली आणि माझ्यात डोकावली.

काय सांगू मित्रांनो! खाली सांबराच्या शिंगांसारखी पोवळी, वळ्यावळ्यांचे गोल दगड, जांभळे पंखे. एक पोपटी मासा दगड कुरतडत होता. निळ्या ओठांचा भला मोठा शिंपला सावली पडताच मिटला. जन्मभर ताक पाहिलेल्या मला ते वैभव झेपेना.

होडी डुलत होती, मी हलत होतो. मला नीट धरता यावे म्हणून चंद्रमौळीने एक पाय खाली, थेट पोवळ्यावर टेकवायला सोडला.

"पाय वर घ्या," दोन दिवसांनी ती बोलली. "जिवंत आहे ते. न विचारता आणखी एक मोडाल."

त्याने पाय झटकन होडीत घेतला. "चुकलो," तो म्हणाला, आणि ते फक्त पोवळ्याबद्दल नव्हते.

ती बराच वेळ माझ्यात बघत राहिली. मग म्हणाली, "आईनं मरीनाच्या वाळूपलीकडे समुद्र पाहिला नाही. तिच्या डब्यातून मी पाहिला. सेरी, ठीक आहे, आता धरा नीट."

मित्रांनो, मला कासार उद्याही नवे बूड बसवून देईल. पोवळ्याचा कासार समुद्रात कुठे सापडायचा? बोटभर वाढायला त्याला वर्षे लागतात आणि मोडायला एक पाऊल पुरते. त्याला पाहायला जरूर जा. फक्त डोळे पाण्यात असू द्या आणि पाय होडीत.