सहाच्या बोल्टचं भोक

घट्टपणातूनच मजबुती येते, हा रंगरावांचा जीवनसिद्धांत होता आणि बेळगोळच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तो निष्ठेनं सांभाळला. त्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून मोडलेल्या, आटे पाडायच्या टॅपांचा डबा स्टोअरकीपरला दोन्ही हातांनी उचलावा लागे.

सिद्धांताचा जन्म मात्र शिंप्याच्या दुकानातला. दहाव्या वर्षी वडिलांनी रंगरावांना काजं करायला बसवलं, तेव्हा ती सगळी बटणापेक्षा लहान झाली. वडिलांनी एक बटण कसंबसं आत ढकललं आणि म्हणाले, "छान. घट्ट बसतंय, सुटायचं नाही." एवढ्या शिदोरीवर रंगराव पुढे कारखान्यात गेले. लोखंडात आटे पाडायचे असले की आधीचं भोक ते इतरांपेक्षा जरा लहानच पाडत. भोक लहान म्हणजे आट्यांना लोखंड जास्त, म्हणजे पकड जास्त.

पण त्या रविवारी समोर बायकोचं, अंबूताईंचं शिलाई मशीन होतं. काही महिन्यांपासून त्यांना काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला होता. त्यावर रंगरावांनी उपाय काढला, मशीनवरच दिवा बसवायचा. त्यासाठी मशीनच्या अंगात सहा मिलिमीटरच्या बोल्टचं, आट्यांचं भोक हवं होतं. मशीन अंबूताईंच्या माहेरचं, एक्केचाळीस वर्षांचं. अर्ध्या सरस्वतीपुरम वस्तीचे ब्लाऊज त्याच्यातून निघालेले. अंग ठिसूळ बिडाचं. आत टॅप मोडला आणि तो ठोकून काढायला गेलं, की बीड तडकणार आणि मशीन भंगारात जाणार. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सकाळची कॉफी सगळे मशीनकडे बघतच प्याले.

सून कीर्तना एका कंपनीत तपासणी खात्यात होती. तिनं हिशेब सांगितला: बोल्ट सहाचा, दोन आट्यांतलं अंतर एक, सहातून एक गेला की उरले पाच. भोक पाचचं पाडा. त्याहून लहान केलं तर मजबुती नावापुरती वाढते, टॅपवरचा ताण मात्र कितीतरी पटींनी वाढतो.

"पुस्तकातलं आहे ते," रंगराव म्हणाले आणि त्यांनी चार पॉइंट सातचं ड्रिल लावलं.

भोक सुरेख पडलं. टॅप अडीच फेरे गेला आणि थांबला. रंगरावांनी हँडलवर जोर दिला. टॅपमधून कर्र असा आवाज आला. तो त्यांनी चौतीस वर्षं ऐकला होता. पुढे काय होतं तेही त्यांना पाठ होतं.

"मामा, साकु. पुरे," कीर्तना हळूच म्हणाली. रंगरावांचे हात हँडलवर तसेच राहिले. मागे घेतले तर सिद्धांत जाणार, पुढे रेटले तर मशीन.

अंबूताई स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"अहो, काज बटणाहून सूतभर मोठं ठेवतात."

"अप्पा तर म्हणाले होते..."

"तुम्ही खेळायला गेलात की मामंजी तुमची काजं उसवून परत करायचे. लग्न झाल्यावर त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, त्याला बोलू नकोस, खट्टू होईल."

रंगरावांनी मान वर केली. "आणि तू एवढी वर्षं गप्प राहिलीस?"

"तेव्हा मोडत होते ते कारखान्याचे टॅप," अंबूताई म्हणाल्या. "हे माझं मशीन आहे."

रंगरावांनी टॅप पाव फेरा उलटा घेतला. तेल सोडलं. आणखी पाव फेरा. कपाळावरचा घाम अंबूताईंनी ब्लाऊजच्या कातरणानं टिपला. कातरण लाल होतं, त्याचा रंग कपाळावर जरा उतरला. टॅप अख्खा बाहेर आला. कीर्तनानं पाचचं ड्रिल पुढे केलं आणि रंगरावांनी ते लावून भोक मोठं केलं. या वेळी टॅप दर फेऱ्याला थोडा मागे येत, चुरा सोडत, लोण्यातून गेल्यासारखा पार गेला.

बोल्ट बसला. कीर्तनानं तपासणी खात्याच्या गंभीरपणानं तो हलवून पाहिला आणि याला स्कूटर टांगली तरी चालेल असा शेरा दिला. दिवा लागला. रंगरावांनी अंबूताईंसमोर काळं कापड धरलं. अंबूताई म्हणाल्या, स्वल्प बरं दिसतंय.

महिन्याभरानं डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंबूताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन झालं. आता त्यांना दिवा लागत नाही.