मेघाच्या लॅपटॉपवरचा ‘ले’

वडील गेल्यावर भंडाऱ्याजवळच्या वरठीतल्या घरात तृप्ती एकटीच उरली. पुण्याच्या कंपनीचं काम ती इथूनच करायची. दिवसभर मीटिंगा चालत, पण सगळ्यांचे कॅमेरे बंद. कुणाचा चेहरा दिसत नसे, कुणी ‘जेवलीस का’ विचारत नसे.

तिने एक छोटा प्रोग्राम लिहून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. कमांड लाइनच्या काळ्या खिडकीत शब्दांचा साचा, म्हणजे रेगेक्स, टाइप करायचा. त्यात बसणारे सगळे शब्द तो फायलींतून शोधून द्यायचा. त्या पानाच्या तळाशी तिचा फोन नंबर होता. त्यावर एकदा बपेऱ्याहून मेघाचा फोन आला. मेघा तिथल्या शाळेत शिकवायची आणि गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टाइप करून पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचा अभ्यास करायची.

“ताई, ‘ले’नं संपणारे शब्द पाहिजेत मले. मले, तुले, आईले. एकही नाही सापडून राहिला.”

“माझ्याकडे तर सापडतात. तुमच्याकडे विंडोज आहे काय?”

विंडोजच होतं. तृप्तीच्या संगणकावर मात्र लिनक्स ही वेगळी प्रणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कारण कळलं. विंडोजसाठी तिने जोडलेलं, साचा जुळवून पाहणारं जुनं इंजिन काना-मात्रेला अक्षरच मानत नव्हतं. ‘मले’मधल्या ‘ल’पाशीच ते शब्द संपवायचं, मात्रा बाहेर पडायची आणि साचा जुळायचाच नाही. दोन्हीकडे एकच नवं इंजिन लावायचं, एवढंच काम. तिने ते लावलंही. तेवढ्यात फोन वाजला.

“सापडलं काय जी कारण?”

“पाहून राहिली,” तृप्ती बोलून गेली.

मग मेघा रोज संध्याकाळी फोन करू लागली. साच्याचं विचारून झालं की तळ्यावरच्या पाखरांचं, वर्गातल्या पोरांचं सांगायची. शेवटी हमखास, “तुमी जेवले काय?” तेवढ्यासाठी तृप्ती दुपार कलली की फोन जवळ घेऊन बसे.

एकदा मेघा म्हणाली, “आता हातानंच शोधून राहिली, ताई. डोळे लय दुखतात.”

तृप्तीला स्वतःचीच लाज वाटली. फोन ठेवताच तिने दुरुस्त प्रोग्राम पाठवून दिला. “सापडले! सगळे सापडले!” मेघाचा आवाज आनंदाने फाटला होता. त्यानंतर तिचे फोन थांबले.

बरीच वाट पाहून तृप्तीनेच फोन लावला.

“काही बिघडलं काय?” मेघाने विचारलं. मागे पोरांचा गलका होता.

“नाही. प्रोग्राम तुझ्या पहिल्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला होता, मेघा. तू फोन करणं बंद करशील म्हणून मी सांगितलं नाही.”



“एवढे डोळे फोडले मी,” मेघा हळूच म्हणाली. “वर्ग आहे माझा. ठेवते.”

तिचा फोन परत आला नाही. एका संध्याकाळी, त्या फोनच्या वेळेला, तृप्ती स्टेशनजवळ भाजी आणायला गेली. घरात भाजी होतीच. तरी ती वांगी निवडत भाजीवालीशी भावावरून बोलत राहिली, मागचं गिऱ्हाईक खाकरेपर्यंत.