ठिपका दिसला की काप

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. लोखंडाची नाही, चार ओळींच्या प्रोग्रामची. फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये पडून असते.

फोटोच्या फाइलला नाव असतं, मग ठिपका, मग जेपीजी नावाची शेपटी. आमचं मशीन फोटोखाली फाइलचं नाव छापायचं, शेपटीसकट. एका नवरीच्या नावापुढे ते छापलं गेलं, तर तिचा भाऊ म्हणाला, "जेपीजी? हे सासरचं आडनाव का?" मालकाने ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं. त्या रागात ऑपरेटरने मला लिहिलं. फाइलच्या नावात ठिपका दिसला की तिथून पुढचं काप. पहिला ठिपका की शेवटचा, ते सांगितलंच नाही. मी पहिला धरला.

नावं साधी यायची, ठिपका एकच. त्यामुळे माझं कौतुकच व्हायचं. मालक म्हणायचा, "गुणाची आहे, पगार मागत नाही."

मग एक मावशी आली. मोबाइल फुटलेला, फोटो उरले होते ते पेनड्राइव्हवर. नावं तिनेच दिलेली, आदराने. कै. बाबा. कै. बाळ. कै. सासूबाई.

"बाळाचा एवढा एकच आहे हो. जपून."

"मावशी, टेन्शन नका घेऊ," ऑपरेटर म्हणाला. आधी फाइलींची कॉपी कॉम्प्युटरवर काढायचा त्याला कंटाळा. मला थेट पेनड्राइव्हवर सोडलं.

बाबांना कापलं, उरलं नुसतं 'कै'. बाळाला कापलं, तेही 'कै'. एकाच नावाच्या दोन फाइल एका जागी राहत नाहीत, म्हणून बाळ आलं आणि बाबा पुसले गेले. मग सासूबाई आल्या.

छापून निघाल्या एकट्या सासूबाई. खाली 'कै'.

मावशी बघतच राहिली. "जिवंतपणी ह्या बाईनं मला बाळाला धड मांडीवर घेऊ दिलं नाही. आता हीच उरली का?"

मालक हसू दाबत आत सटकला. ऑपरेटरला चूक कळली होती. "पेनड्राइव्ह खराब आहे तुमचा," तो म्हणाला. ती जिना उतरली, तसा त्याने माझ्यात एक शब्द घातला, 'शेवटचा'. आता मी अगदी बरोबर कापते.

परवा ती पुन्हा आली. "मीच ओल्या हातानं धरला असेल का हो तो पेनड्राइव्ह?"

"असेल," तो म्हणाला.

मित्रांनो, कापायच्या आधी कॉपी काढा. आणि चुकलात तर बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.