गोजराबाईचं मत

"कारकूनबुवा, सांगा त्याइले, मी बसत नाई."

गोजराबाई सभेच्या खोलीत दाराशी उभी होती, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. अध्यक्ष वकीलसाहेब दुसऱ्यांदा खुर्ची दाखवत होते. पण त्या खुर्चीसमोर उपाध्यक्ष दौलतराव बसले होते, आणि दौलतराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या वऱ्हाडात धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर बसत नाही, बोलत नाही, तोंडही दाखवत नाही. कमिटीतल्या बाकीच्या दहाही जणांना हे ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तिला सभासद करण्याचं तेवढंच एक कारण होतं.

चौतीस साली वरून सरकारी कागद आला की गावचा कारभार बघणाऱ्या कमिटीवर एक बाई घ्या. गावात शिकलेली एक मास्तरीण होती, पण ती फार बोलायची. मग दौलतरावांनी आपल्या विधवा भावजयीचं नाव सुचवलं. ओढ्याकाठी वांगी-मिरच्या पिकवणारी निरक्षर बाई, आणि वर भासरा समोर! तोंड उघडायची सोयच नव्हती. सगळे गालातल्या गालात हसले. मीही हसलो. मी रंगराव, तेव्हाचा कमिटीचा कारकून. पुढची दोन वर्षं सभा झाली की मी वही घेऊन तिच्या मळ्यात जायचो. ती लुगड्याला हात पुसायची, मी अंगठ्याला शाई लावायचो. वहीत ती दर सभेला हजर असे. निघताना ती माझ्या पिशवीत वांगी घालायची, आणि मी ती खुशाल घ्यायचो.

एकदा मात्र मी वही उघडली तरी तिनं हात पुढे केला नाही.

"मांगच्या बारीले कायच्यावर घेतला व्हता माहा आंगठा?"

"नेहमीचंच होतं, बाई."

"नेमीचं म्हंजे काय? हे प्रयागबाई सांगून राह्यली, बजारातल्या नव्या इहिरीचं व्हतं म्हणे."

प्रयागबाई महारवाड्यातली. दहा वर्षं या मळ्यात निंदायला येत होती, आणि तेव्हा खुरपं घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती. मी निमूटपणे ठराव वाचून दाखवला. कमिटीच्या नव्या विहिरीला महारवाड्यातल्या बायांनी शिवायचं नाही. कोणी दुरून ओतलं तर भरायचं, नाहीतर ओढ्यातल्या झिऱ्यावर जायचं. शेवटी लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर.

प्रयागबाई खाली बघतच म्हणाली, "मले वाटलं, तुमी तरी नाई म्हनलं असन."

गोजराबाईचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "खोडा तो आंगठा."

"वहीतलं खोडता येत नाही, बाई. नवा ठराव आणावा लागतो, आणि त्यासाठी सभेत यावं लागतं."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ती ऐकून बसली होती.

म्हणून ती आली होती. भासऱ्याशी बोलायचं ते माझ्यामार्फत. "सांगा त्याइले, इहीर कमिटीची हाये." चार हातांवरून दौलतरावही मलाच म्हणायचे, "सांगा तिले, गाव बाटन." दोघांनाही नीट ऐकू येत होतं, तरी मी इकडचं तिकडे सांगत होतो. सभासद तोंडावर उपरणं धरून हसत होते. शेवटी दौलतराव चिडले.

"सांगा तिले, तिच्या मळ्याले पानी माह्या इहिरीचं जाते. उद्यापासून मोटेची पाळी बंद."

हसणं थांबलं. मळ्यावाचून तिला काही नव्हतं, मूलबाळही नव्हतं. यावेळी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर कपाळापर्यंत मागे सारला आणि लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"दादा, तुमची इहीर तुमची, करा बंद. हे गावाची हाये."

विहीर सगळ्यांना खुली करायचा तिचा ठराव पडला. एक मत बाजूनं, दहा विरुद्ध. मी वहीत तिचं नाव पहिल्यांदा वेगळं लिहिलं. त्याखाली तिनं अंगठा लावला आणि शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

दौलतराव शब्दाचे पक्के. चैत्रात तिच्या मिरच्या वाळल्या, वैशाखात वांगी गेली आणि मळा पडीक झाला. गोजराबाई प्रयागबाईबरोबर लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागली, आणि सभेच्या दिवशी खाडा करून कमिटीत येऊ लागली. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून साहेबाच्या दौऱ्यासाठी माणसं फुकट वेठीला धरत, तिथंही जाऊन भांडली. अनसिंग, रिठद, जिथं बोलावलं तिथं पायी गेली. पुढच्या खेपेला तिला कोणी नेमलं नाही, तर ती निवडून आली. विहिरीचा ठराव मात्र दरसाल येई आणि दरसाल पडे. सभासदांपैकी तिच्या बाजूला पहिले आले ते निजामुद्दीन मिस्त्री. विहीर त्यांनीच बांधली होती. म्हणाले, "पत्थर तो इन्हीं औरतों ने ढोए थे, तब किसी ने नहीं रोका."

बेचाळीसच्या उन्हाळ्यात ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर ही गर्दी. प्रयागबाईनं स्वतःच्या हातानं पहिली बादली ओढली आणि गोजराबाईसमोर येऊन उभी राहिली. "घ्या बाई, तुमी पयले."

गोजराबाईचा हात उठेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोघी इतकी वर्षं एकाच धुऱ्यावर भाकर खात होत्या, पण पाण्याची मडकी दोन होती. इतकं भांडली ही बाई, पण प्रयागबाईच्या हातचं पाणी तिनं कधी घेतलं नव्हतं. सगळं गाव बघत होतं.

"राहू द्या, बाई," प्रयागबाई हळूच म्हणाली. "मले समजते." आणि तिनं बादली मागे घेतली.

"वत," गोजराबाई म्हणाली आणि वाकून ओंजळ धरली. निम्मं पाणी कोपरावरून सांडलं. उरलेलं ती प्यायली.

मग प्रयागबाई माझ्याकडे वळली. "कारकूनबुवा, तुमाले?"

मी सकाळपासून उन्हात उभा होतो, घशाला कोरड पडली होती. म्हणालो, "आत्ताच पिऊन आलो."

घरी गेलो आणि उभ्याउभ्या दोन तांबे पाणी प्यायलो.